आर्मेनियन शिकायची आहे? पैसे कुठे घालावेत, कुठे वाचवावेत

नवी भाषा शिकायची म्हटली की आपण क्लासची फी विचारतो किंवा पुस्तकाची किंमत बघतो. आर्मेनियन शिकणाऱ्याला त्याआधी एक निर्णय घ्यावा लागतो. त्याला दमडीही लागत नाही, पण तो चुकला तर पुढचे सगळे पैसे वाया जातात. हा निर्णय म्हणजे पूर्व आर्मेनियन शिकायची की पश्चिम.

या दोन्ही स्वतंत्र प्रमाणभाषा आहेत. पूर्व आर्मेनियन ही आर्मेनिया देशाची राजभाषा, आणि इराणमधले आर्मेनियन लोकही तीच बोलतात. पश्चिम आर्मेनियन मूळची ऑटोमन साम्राज्यातल्या आर्मेनियन लोकांची. १९१५ च्या नरसंहारानंतर जे वाचले आणि जगभर विखुरले, त्यांनी ती लेबनॉन, सीरिया, फ्रान्स, अमेरिका, अर्जेंटिनापर्यंत नेली. इस्तंबूलमध्ये ती अजून आहे. युनेस्कोने तिला धोक्यात आलेल्या भाषांच्या यादीत घातले आहे, आणि ती शिकायला कुणी पुढे येत असेल तर मला त्याचे मनापासून कौतुक वाटते. पण आर्मेनियाची राजधानी येरेवानला जाणाऱ्याने ती शिकून चालत नाही.

कारण लिपी एकच असली तरी वाचन बदलते. पूर्वेकडे जे अक्षर ‘प’ वाचतात ते पश्चिमेकडे ‘ब’ होते, आणि ‘ग’ चा ‘क’ होतो. म्हणून येरेवानचा पेत्रोस बैरुतमध्ये बेद्रोस असतो आणि ग्रिगोरचा क्रिकोर होतो. ‘मी जातो’ हे पूर्वेकडे ‘ग्नुम एम’, तर पश्चिमेकडे ‘गेर्ताम’. त्यात सोव्हिएत काळात, १९२२ साली, आर्मेनियात शुद्धलेखन बदलले आणि १९४० मध्ये त्यात पुन्हा फेरफार झाला. बाहेरच्या आर्मेनियन लोकांनी जुनेच लेखन ठेवले. त्यामुळे कोणतेही पुस्तक, ॲप किंवा शिकवणी विकत घेताना वर नुसते ‘आर्मेनियन’ लिहिलेले असेल तर थांबा आणि विचारा. इंटरनेटवर एक खूण उपयोगी पडते: ‘एचवाय’ हा संकेत साधारणपणे पूर्वेसाठी आणि ‘एचवायडब्ल्यू’ पश्चिमेसाठी वापरतात. विकिपीडियाच्यासुद्धा या दोन वेगळ्या आवृत्त्या आहेत.

मग कुणी काय निवडावे? वैद्यकीय शिक्षण, नोकरी किंवा प्रवासासाठी आर्मेनियात जाणाऱ्याने डोळे झाकून पूर्व. बैरुत, पॅरिस किंवा बॉस्टनच्या आर्मेनियन कुटुंबात लग्नसंबंध जुळला असेल किंवा कामानिमित्त त्या समाजाशी रोजचा संबंध येत असेल, तर पश्चिम. कॅलिफोर्नियातल्या ग्लेनडेलच्या आसपास राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी मात्र शेजाऱ्यांना आधी विचारावे, कारण तिथे इराणमधून, आर्मेनियातून आणि लेबनॉनमधून आलेले लोक एकाच गल्लीत राहतात.

तिसराही एक गट आहे, इतिहासाच्या ओढीने येणाऱ्यांचा. मुंबईच्या फोर्टमध्ये १७९६ साली बांधलेले सेंट पीटर आर्मेनियन चर्च आहे, सुरतेत जुनी आर्मेनियन दफनभूमी आहे, आणि आर्मेनियन भाषेतले जगातले पहिले नियतकालिक, ‘अझदारार’, १७९४ साली मद्रासमध्ये निघाले. हे जुने लेख आणि दगड वाचायचे असतील तर बोलीभाषेचे धडे फारसे कामाचे नाहीत. त्यांना ‘ग्राबार’, म्हणजे अभिजात आर्मेनियन लागते. तिचा प्राथमिक अभ्यासक्रम ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठाने इंटरनेटवर मोफत ठेवला आहे. रॉबर्ट थॉमसन यांचे १९७५ चे पाठ्यपुस्तक आजही वापरात आहे. या वाटेने जाणाऱ्याचा खर्च सगळ्यात कमी.

पुढचा मजकूर मुख्यतः पूर्व आर्मेनियनसाठी आहे, कारण महाराष्ट्रातून विचारणा होते ती बहुधा तिचीच. हिशेबाच्या सोयीसाठी डॉलर ९० रुपयांचा आणि रुपयाला साधारण सव्वाचार आर्मेनियन द्राम धरले आहेत. दर हलते असतात, तेव्हा पैसे भरण्याच्या दिवशी पुन्हा पाहून घ्या.

मराठी माणसाला कशासाठी पैसे मोजायची गरज नाही

इंग्रजी भाषकांसाठी लिहिलेल्या बहुतेक अभ्यासक्रमांत सुरुवातीचे कितीतरी धडे उच्चारांवर जातात. इंग्रजी बोलणाऱ्याला ‘प’ आणि ‘फ’, ‘त’ आणि ‘थ’, ‘क’ आणि ‘ख’ यांतला फरक कानाला कळतच नाही. पूर्व आर्मेनियनमध्ये नेमकी हीच तिहेरी मांडणी आहे: ब-प-फ, द-त-थ, ग-क-ख. आपल्याला ती बाराखडीबरोबर मिळालेली असते. फक्त ‘फ’ म्हणताना जुन्या पद्धतीने दोन्ही ओठ मिटून महाप्राण काढायचा, इंग्रजी ‘एफ’ सारखा नाही. त्या ध्वनीसाठी त्यांच्याकडे वेगळे अक्षर आहे.

याहून मोठा लाभ ‘च’ आणि ‘ज’ चा. चमचा म्हणताना आपण जो दंतमूलीय ‘च’ काढतो आणि चिमटा म्हणताना जो तालव्य, ते दोन्ही आर्मेनियनमध्ये स्वतंत्र अक्षरे आहेत. तसेच जाळ मधला ‘ज’ आणि जीव मधला ‘ज’. हिंदी माध्यमातून आलेल्या मुलांनाही यासाठी धडपडावे लागते, मराठी मुलांना ते आयतेच येते. नवे शिकायचे ते एवढेच: दंतमूलीय ‘च’ चा महाप्राण भाऊ, घशातून घासत येणारे ‘ख़’ आणि ‘ग़’, ‘प्लेझर’ या इंग्रजी शब्दातला ‘झ’, आणि दोन प्रकारचे ‘र’. जोर शब्दाच्या शेवटच्या अवयवावर येतो. हे सगळे आठवडा-दोन आठवड्यांत ऐकून ऐकून बसते.

लिपीचेही तेच. मेस्रोप माश्तोत्स या धर्मोपदेशकाने इ.स. ४०५ च्या सुमारास ३६ अक्षरे घडवली. मध्ययुगात दोन वाढली, आणि आजच्या आर्मेनियातल्या वर्णमालेत एका जोडाक्षरासह ३९ मोजतात. प्रत्येक अक्षराला मोठे आणि छोटे अशी दोन रूपे असतात, आणि हाताने लिहिताना वळण थोडे बदलते. पूर्णविराम आपल्या विसर्गासारख्या दोन टिंबांनी देतात. प्रश्नचिन्ह वाक्याच्या शेवटी येत नाही, ज्या शब्दाबद्दल विचारायचे त्याच्या स्वरावर येते. रोज अर्धा तास दिला तर तीन आठवड्यांत दुकानाच्या पाट्या वाचता येतात. यासाठी ‘लिपी परिचय वर्ग’ म्हणून कुणी चार-पाच हजार मागत असेल तर देऊ नका.

व्याकरणातही काही ओझे उतरते. सात विभक्ती आहेत, पण विभक्ती म्हणजे काय हे आपल्याला समजावून सांगावे लागत नाही. लिंगभेद मुळीच नाही, ‘तो’, ‘ती’, ‘ते’ सगळ्यांना एकच सर्वनाम. वर्तमानकाळ ‘जात आहे’ सारखाच दोन तुकड्यांचा: ‘ग्नुम एम’. नकार देताना सहायक क्रियापद पुढे सरकते, ‘छेम ग्नुम’. हे सरकणे, भूतकाळाची रूपे आणि नामाला मागून चिकटणारे निश्चितवाचक प्रत्यय यांसाठी मात्र माणूस लागतो. पैसे राखून ठेवायचे ते त्या माणसासाठी.

फुकट काय मिळते

अमेरिकेच्या पीस कोअर संस्थेने आपल्या स्वयंसेवकांसाठी पूर्व आर्मेनियनची पाठ्यपुस्तके तयार केली. ती इंटरनेटवरून विनामूल्य उतरवता येतात. त्यांचे रूप साधे आहे, पण त्यांतली वाक्ये बाजारात, बसमध्ये, घर भाड्याने घेताना लागणारी आहेत, म्हणून नवशिक्याला मी हीच आधी सुचवेन. शब्दकोशासाठी ‘नायिरी’ हे संकेतस्थळ आहे, त्यावर कितीतरी आर्मेनियन कोश एकत्र शोधता येतात. इंग्रजी विक्शनरीत शब्दाची सगळी विभक्तिरूपे आणि पूर्व-पश्चिम असे दोन्ही उच्चार मिळतात. आर्मेनियाचे सार्वजनिक रेडिओ व टीव्ही ऑनलाइन ऐकता-पाहता येतात. मोबाइलच्या जीबोर्डमध्ये आणि विंडोजमध्ये आर्मेनियन कळफलक आधीपासून असतो, त्यासाठी वेगळे ॲप घेऊ नये. गूगल ट्रान्सलेट पाटी वाचायला ठीक आहे, औषधाची चिठ्ठी किंवा भाडेकरार समजून घ्यायला त्यावर विसंबू नका.

विकत काय घ्यावे

पुस्तक एकच घ्यायचे तर डोरा साकायान यांचे ‘ईस्टर्न आर्मेनियन फॉर द इंग्लिश-स्पीकिंग वर्ल्ड’, येरेवान विद्यापीठाने २००७ साली प्रसिद्ध केलेले. जाडजूड आहे आणि सवडीने करायचे आहे. भारतात ते सहज मिळत नाही, आणि परदेशातून मागवताना टपाल व सीमाशुल्क धरून किंमत फुगते. येरेवानला जाणाऱ्या कुणाकडून आणवले तर उत्तम. यास्मिन डुम-ट्रागुट यांचे २००९ चे व्याकरण विद्वानांसाठी आहे आणि त्याची किंमतही ग्रंथालयांना परवडेल अशी असते. ते विकत न घेता विद्यापीठाच्या ग्रंथालयातून पाहावे.

ऐकून शिकणाऱ्यांसाठी पिम्स्लरचे पूर्व आणि पश्चिम असे दोन्ही श्राव्य धडे आहेत. मासिक वर्गणी साधारण २० डॉलर, म्हणजे १,८०० रुपये. एक-दोन महिन्यांत ऐकून संपवावे आणि वर्गणी थांबवावी. अशा वर्गण्या आपोआप नूतनीकरण होतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कार्डावरच्या अशा आवर्ती वसुलीआधी बँकेने तुम्हाला २४ तास सूचना द्यायची असते. तो संदेश आला की दुर्लक्ष करू नका.

आर्मेनियन जनरल बेनेव्होलंट युनियन (एजीबीयू) ही १९०६ साली कैरोत स्थापन झालेली संस्था. तिचे ऑनलाइन ‘आर्मेनियन व्हर्च्युअल कॉलेज’ २००९ पासून चालते. पूर्व, पश्चिम, दोन्ही अभ्यासक्रम आहेत, शिक्षक असतात, गृहपाठ तपासून मिळतो. ज्यांना एकट्याने अभ्यास होत नाही त्यांनी सत्राची फी आणि सवलत विचारून इथे नाव घालावे. कोलकात्यातले १८२१ चे आर्मेनियन कॉलेज नाव ऐकून अनेकांना क्लास वाटते. ती आर्मेनियन वंशाच्या मुलांसाठीची निवासी शाळा आहे.

खासगी शिकवणी

बहुतेकांचा मुख्य खर्च हाच, म्हणून इथे जरा थांबू या. आयटॉकीसारख्या मंचांवर आर्मेनियन शिकवणारे बरेच जण भेटतात. तासाला साधारण ८ ते २० डॉलर असा पल्ला दिसतो. ‘प्रोफेशनल टीचर’ महाग, नुसते बोलण्याचा सराव देणारे स्वस्त. सुरुवातीच्या दोन-तीन महिन्यांसाठी शिक्षक घ्यावा, त्यानंतर सरावाला साधा बोलणारा पुरतो. येरेवानचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. पुण्यात रात्री साडेआठ, तेव्हा तिथे संध्याकाळचे सात, म्हणजे नोकरदारालाही सोयीची वेळ. पश्चिम आर्मेनियनचे शिक्षक बरेचदा अमेरिकेत असतात, त्यांच्या तासासाठी पहाटे उठावे लागते.

आता १२ डॉलरच्या एका तासाचा खरा खर्च पाहा. १२ गुणिले ९०, म्हणजे १,०८० रुपये. कार्डावर परकीय चलनाचा अधिभार साडेतीन टक्के असेल तर ३७ रुपये ८० पैसे. त्या अधिभारावर १८ टक्के जीएसटी, ६ रुपये ८० पैसे. तास पडला जवळजवळ १,१२५ रुपयांना, आणि मंचाचे व्यवहार शुल्क वेगळे. एका तासाला हा अधिभार किरकोळ वाटतो, ५० तासांना मात्र करासह तो जवळजवळ सव्वादोन हजारांवर जातो. अधिभार न घेणारी कार्डे मिळतात. दर वेळी थोडे थोडे भरण्यापेक्षा ४-५ तासांचे एकदम भरले तर मंचाचे शुल्क वाचू शकते. नव्या कार्डावर परदेशी व्यवहार बंद असतात, ते बँकेच्या ॲपमधून सुरू करून मर्यादा घालून ठेवा.

दहा तासांचे ‘पॅकेज’ सवलतीत दिसते. तरी आधी दोन-तीन सुटे तास करून पाहा. पहिल्याच तासात शिक्षकाला तीन गोष्टी विचारा: पूर्व की पश्चिम, कोणते पुस्तक वापरता, आणि येरेवानची बोली शिकवता का. दोन मैत्रिणी मिळून शिकणार असाल तर शिक्षकाच्या संमतीने एक तास वाटून घेता येतो. खर्च निम्मा होतो आणि संभाषणाला जोडीदार मिळतो.

तास किती लागतील? अमेरिकेच्या परराष्ट्र सेवेत आर्मेनियनसाठी सुमारे १,१०० वर्गतास धरतात, तेही इंग्रजी भाषकांना कामकाजाच्या पातळीवर न्यायला. वरच्या दराने ते बारा लाखांहून जास्तीचे काम होईल, आणि तेवढे कुणी विकत घेऊही नये. माझ्या मते येरेवानला निघालेल्या विद्यार्थ्याने सहा महिने, आठवड्याला दोन तास शिकवणी आणि रोज तासभर स्वतःचा अभ्यास असे धरावे. ५० तासांचे साधारण ५६ हजार. आठवड्याला एकच तास ठेवला तर २८-२९ हजारांत भागते, फक्त स्वतःचा अभ्यास दुप्पट मनावर घ्यावा लागतो. केवळ हौसेने शिकणाऱ्याने पीस कोअरचे पुस्तक आणि चार-पाच सुटे तास एवढ्यावर, पाच-सहा हजारांत, आपली आवड टिकते का ते पाहावे.

डॉक्टर होऊ पाहणाऱ्यांसाठी

येरेवानच्या राज्य वैद्यकीय विद्यापीठात आणि इतर संस्थांत भारतातून मुले जातात, त्यांत महाराष्ट्रातलीही आहेत. ‘शिक्षण इंग्रजीत आहे, भाषेची चिंता नको’ असे त्यांना सांगितले जाते. यातले पहिले अर्धे खरे आहे. पण राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार परदेशातल्या पदवीसाठी किमान ५४ महिन्यांचे शिक्षण आणि त्याच संस्थेत १२ महिन्यांची आंतरवासिता लागते, शिवाय त्या देशात व्यवसायाच्या नोंदणीसाठी पात्र असावे लागते. आंतरवासिता म्हणजे वॉर्ड, आणि वॉर्डातली आजी आर्मेनियनच बोलते, फार तर रशियन.

पुस्तकात शिकवतात, ‘वोर्तेग़ ए चावुम?’, कुठे दुखते? त्यातला ‘च’ तोच महाप्राण, आपल्याकडे नसलेला. खाटेवरची आजी मात्र उत्तर देते, ‘एस्तेग़ आ चावुम’, इथे दुखते. पुस्तकातला ‘ए’ येरेवानच्या बोलण्यात ‘आ’ होतो. एवढा फरक माहीत नसला तरी पोरगा गोंधळतो, आणि समोर दुखणे घेऊन माणूस बसलेला असतो. म्हणून विद्यार्थ्यांना मी कळकळीने सांगेन, बोलीचे तास पहिल्या वर्षापासून घ्या, पाचव्या वर्षाची वाट पाहू नका.

परदेशी विद्यार्थ्यांच्या अभ्यासक्रमात आर्मेनियन हा विषय तिथे असतोच. तेव्हा प्रवेश करून देणारा एजंट ‘भाषा प्रशिक्षण’ म्हणून वेगळे पैसे मागत असेल तर विद्यापीठाचे शुल्कपत्रक मागा आणि तो विषय फीमध्ये आहे का ते पाहा. एजंटचा वर्ग घ्यायचाच असेल तर तासांची संख्या, शिक्षक कोण, पूर्व की पश्चिम, आणि मध्येच सोडल्यास परतावा किती, हे पावतीवर लिहून घ्या.

तिथे जाऊन शिकायचे तर

येरेवान विद्यापीठात परदेशी लोकांसाठी आर्मेनियन शिकवतात, आणि शहरात खासगी शिक्षकही आहेत. भारतीयांना ई-व्हिसा मिळतो. सरकारी शुल्क २१ दिवसांना ३,००० द्राम, सुमारे ७०० रुपये, आणि १२० दिवसांना १५,००० द्राम, सुमारे साडेतीन हजार. अर्ज परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावरच करा. तशाच दिसणाऱ्या खासगी स्थळांवर याच कामाचे कितीतरी पट घेतात. भाषेसाठी जायचे तर १२० दिवसांचाच घ्या. तीन आठवड्यांत कान नुसता सरावू लागतो आणि परतायची वेळ येते.

विमानभाडे हा मोठा खर्च, आणि जुलै-ऑगस्टमध्ये तो चढतो. घरभाडे २०२२ नंतर वाढले, कारण युक्रेनचे युद्ध सुरू झाल्यावर रशियातून बरेच लोक येरेवानला राहायला आले. मध्यवर्ती भाग सोडून मेट्रोच्या मार्गावर खोली पाहावी, मेट्रोचे भाडे शे-दीडशे द्रामच्या घरात आहे. मध्यवर्ती भागात दुकानदार लगेच इंग्रजी किंवा रशियन सुरू करतात. ‘हायेरेन’ म्हणा, म्हणजे आर्मेनियनमध्ये बोला, लोक कौतुकाने सावकाश बोलतात. किंमत विचारायला ‘इन्छ आर्झे?’. उत्तरात ‘हाझार’ हमखास येते, आणि त्याचा अर्थ आपल्या हजाराइतकाच आहे.

फसवणूक झाली तर

इथल्या एजंटने किंवा क्लासने पैसे घेऊन शिकवले नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. त्याने काम झाले नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे जाता येते, एजंट दुसऱ्या शहरातला असला तरी. ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला आयोगाचे शुल्क नाही. परदेशातल्या खासगी शिक्षकाला मात्र हा कायदा सहजी गाठू शकत नाही. म्हणून ‘मंचाबाहेर थेट पैसे पाठवा, स्वस्तात शिकवतो’ असा प्रस्ताव आला तर निदान पहिले काही महिने नको म्हणा. मंचावर तास झाला नाही तर पैसे परत मागण्याची सोय असते, थेट पाठवलेल्या पैशांना ती नसते.